हिरव्या बोटीचा हिस्सा

१

बोट चोरीला गेल्याची बातमी आली तेव्हा तळ्यावर इतकं धुकं होतं, की बोट जागेवर असती तरी कुणाला दिसली नसती.

ताई आणि मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा पीत बसलो होतो. समोर तळं असल्याचा नुसता भास होत होता. पाणी पायऱ्यांशी चुबकचुबक करत होतं. मधूनच एखादा बगळा धुक्यातून बाहेर यायचा, आम्हाला बघायचा आणि परत आत जायचा. मला अशा सकाळी फार आवडतात. जाग आलीय की अजून झोपच चाललीय, हे ठरवायची घाई नसते. ताईला त्या मुळीच आवडत नाहीत. तिला प्रत्येक वस्तूची कड स्वच्छ दिसायला हवी.

"अजून पायात स्लिपरच?" ती म्हणाली. "पालिकांचे हिशेब तपासणाऱ्यांना बूट देत नाहीत वाटतं."

"देतात. पण वरच्या सरकारचे बूट दिसले की आमचे लाजतात."

आमची ही चेष्टा जुनीच होती. ताई वरच्या सरकारची लेखापरीक्षक, मी स्थानिक पालिकांचा. वरच्या सरकारचा पैसा कुठे जातो ते ती बघायची, पालिकांचा कुठे जातो ते मी. या गावात दोन्ही पैसे एकाच कामात पडले होते. तळ्यापलीकडच्या गावाला रस्ता नाही, मागे सरळ उभा कडा आहे. म्हणून दोन बोटी घ्यायच्या असं ठरलं. एक वरच्या सरकारच्या हिश्शातून, तिचा रंग निळा. दुसरी पालिकेच्या हिश्शातून, तिचा हिरवा. पालिकेने आपला हिस्सा घातला तरच वरून पैसे येणार, अशी अट होती.

आजवर ताईच्या खात्याचा माणूस हिवाळ्यात यायचा आणि निळी बोट बघून जायचा. माझ्या खात्याचा उन्हाळ्यात यायचा आणि हिरवी बघून जायचा. दुसऱ्याच्या हिश्शात नाक खुपसायचं नाही, ही आमच्याकडची शिस्त. या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की दोन्ही खात्यांनी एकत्र पाहणी करावी. त्यांनी नेमकं आम्हालाच पाठवलं. दोन सरकारांची गाठ एकाच आईच्या पोटी पडली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात धुक्यातून आधी एक छत्री आली आणि तिच्याखाली पालिकेचे मुख्याधिकारी. मऊ बोलणारा, मऊ चालणारा माणूस. पाऊस नव्हता, तरी त्यांनी छत्री मिटली नाही.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "हिरवी बोट गेली. दोर कापून नेली कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे?" ताईने विचारलं.

"नाव घ्यायला जीभ रेटत नाही. पण किल्ली एकाच माणसाकडे असते."

२

बोटीचा धक्का लाकडी होता आणि दवाने ओलाचिंब झाला होता. त्याच्या दोन टोकांना दोन खुंट होते. एका खुंटाला निळी बोट बांधलेली होती. दुसऱ्याला हातभर दोर लोंबत होता, त्याचं टोक सरळ कापलेलं होतं.

निळीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बोटवाले काका बसले होते. साठीच्या पुढचे, रुंद खांद्यांचे. आम्ही आलो तसे ते उठून उभे राहिले, पण आमच्याकडे बघितलं नाही.

"दुसरी बोट दुरुस्तीच्या शेडमध्ये होती," मुख्याधिकारी सांगू लागले. "एक चालते तेव्हा दुसरी दुरुस्तीला असते, असं आलटून पालटून. आज तुम्ही येणार म्हणून काल संध्याकाळी काकांनीच ती आणून इथे बांधली. बरोबर ना, काका?"

"हो साहेब."

"आणखी कुणी पाहिली?" ताई.

"या धुक्यात कोण कुणाला पाहणार, मॅडम?"

ते खरंच होतं. मी पाहणीचा आव आणत निळीच्या काठावर टेकलो आणि तिच्या चकचकीत अंगावरून हात फिरवला. सुंदर बोट होती. उठलो तेव्हा ताईने माझ्या पाठीमागे बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"पँट गेली तुझी."

गेलीच होती. मागच्या बाजूला हा एवढा निळा पट्टा उमटला होता. मी चडफडत घासायला लागलो, तर तो आणखी पसरला. ताईचं हसू मात्र अर्ध्यावरच थांबलं. ती रिकाम्या खुंटाजवळ जाऊन खाली बसली, त्याच्यावरून बोट फिरवलं. मग निळीच्या खुंटाजवळ जाऊन तसंच केलं. निळीच्या खुंटाला दोराने घासून घासून खोल खाच पडली होती. रिकामा खुंट कालच तासून आणल्यासारखा गुळगुळीत होता. चांगलं लाकूड आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

मुख्याधिकाऱ्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. हिरवी बोट चोरीला गेल्याचं संयुक्त पाहणीत आढळलं, असा मजकूर त्यावर तयार होता.

"संध्याकाळी पालिकेत दोघांनी सही केलीत की पोलीस काकांना नेतील. मलाही वाईट वाटतं. पण सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे."

काकांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं ते रडतील, नाहीतर शिव्या देतील. त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि बोटीवरचा माझ्या हाताचा ठसा हलक्या हाताने पुसायला लागले.

३

नगराध्यक्षाबाईंच्या दिवाणखान्यात पांढरे पडदे होते आणि खिडकीबाहेर पांढरं धुकं. भिंत कुठे संपते ते कळत नव्हतं. बाई जाड शाल पांघरून बसल्या होत्या. बोटींची सगळी देयकं त्यांच्या सहीने गेली होती, तेव्हा संशय त्यांच्यावरही होताच.

"दोन्ही बोटींची फीत मीच कापली," त्या म्हणाल्या. "निळीची आधी, हिरवीची नंतर. खरं सांगू? दुसऱ्या वेळी मला सारखं वाटत होतं, की हे सगळं होऊन गेलंय. तीच पायरी, तोच कठडा, ताज्या रंगाचा तोच वास. वयाचा परिणाम असेल म्हटलं. घरी येऊन मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, आई, तू जरा झोप."

"दोन्ही बोटी शेजारी शेजारी पाहिल्यात कधी?" ताईने विचारलं.

बाईंनी पडद्याची चुणी सारखी केली. "नसेन पाहिल्या. पण फोटो आहेत की दोन्हींचे. पालिकेच्या जिन्यात लावलेत."

"वेगवेगळे?"

"वेगवेगळे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बाहेर आल्यावर मी ताईला म्हणालो, "बाई गुंतलेल्या दिसतात. कसं गोड गोड बोलत होत्या."

"गुंतलेला माणूस असं बोलत नाही रे. त्याला सगळं लख्ख आठवत असतं. मुख्याधिकाऱ्यांसारखं."

"मग काका?"

"काकांचंच कळत नाही मला," ती म्हणाली. "इतका गप्प माणूस चोर नसतो, तर तो काहीतरी राखत असतो. चल, पलीकडे जाऊ."

४

निळी बोट धुक्यात शिरली आणि दोन्ही काठ नाहीसे झाले. इंजिनाची धडधडसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखी येत होती. आपण पुढे चाललोय की जागच्या जागी डुलतोय, काही कळेना. मला वाटलं, असंच चालत राहिलं तर बरं. पलीकडे पोहोचूच नये, संध्याकाळ होऊच नये. काका मागे सुकाणू धरून उभे होते. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

आमच्याखेरीज एकच प्रवासी होती, पलीकडच्या शाळेची शिक्षिका. तिने बसण्याआधी बाकावर वर्तमानपत्राची घडी ठेवली.

"खिळा वर आलाय," तिने माझ्या पँटकडे बघत सांगितलं. "तुम्हाला आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"हे खिळ्याने नाही झालेलं," मी म्हणालो. ताई गालात हसली.

"रोज याच बोटीने जाता?" तिने शिक्षिकेला विचारलं.

"निळी नाहीतर हिरवी. गेल्या आठवड्यापर्यंत हिरवी होती. मग थोडे दिवस बोट बंद, आणि आता निळी."

"हिरवीत कुठे बसायचात?"

"याच जागी, तिसऱ्या बाकावर. इथे वारा लागत नाही. फक्त हा खिळा…" ती बोलता बोलता थांबली. वर्तमानपत्राची घडी उचलून तिने खालच्या खिळ्याकडे बघितलं. "हिरवीतही असाच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "अगदी इथेच."

"दोन्ही बोटी समोरासमोर आल्यात, एकमेकींना ओलांडून गेल्यात, असं कधी झालं?"

शिक्षिकेने नकारार्थी मान हलवली. मग मागे सुकाणूकडे चोरून बघितलं आणि ताईच्या कानाशी वाकून कुजबुजली. "गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या, तेव्हाही अशीच बोट बंद होती. काकू म्हणजे यांची बायको. छातीत कळ आली, माणसांनी खाटेवर घालून काठावर आणलं. मीही तेव्हा पलीकडेच अडकले होते, आम्ही सगळे पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो. एकही बोट आली नाही. नंतर सांगितलं, दोन्ही बिघडल्या होत्या."

"किती दिवस?"

"पाहणीच्या दिवसापर्यंत. पाहणीला मात्र निळी अगदी नवी कोरी होऊन आली."

ताईने डोळे मिटले. ती अशी बसते तेव्हा तिच्याशी बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पलीकडचा काठ धुक्यातून वर आला. तिथे तर खुंट एकच होता.

५

शिक्षिका उतरून गेली. ताई उतरली नाही. ती काकांच्या समोर जाऊन बसली.

"काका, हिरवी बोट कुठाय?"

"मी सोडून दिली," काका म्हणाले.

मी दचकलो. त्यांचा आवाज इतका शांत होता, की मला आधी वाटलं ते इंजिनाबद्दलच बोलताहेत.

"दोर मीच कापला. पाण्यात सोडली. बुडाली असेल. तुम्ही सही करा, बाई. मला नेऊ दे."

"का सोडलीत?"

"डोकं फिरलं होतं."

"काका, तुम्ही खोटं बोलताय. आणि तुम्हाला ते जमत नाही."

काकांनी काठाकडे बघितलं. तिथे पाच-सहा माणसं गाठोडी घेऊन बोटीची वाट बघत उभी होती. एक बाई पोटुशी होती, दगडावर बसली होती.

"हात जोडतो," काका म्हणाले. "खोलात जाऊ नका. ही एवढी एक तरी राहू द्या त्यांना."

एक तरी. मी ताईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर अजिबात आश्चर्य नव्हतं. तिने फक्त काकांच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि त्या माणसांना बोटीत घ्यायला सांगितलं.

६

उन्हं कलली तेव्हा धुकं जरा पातळ झालं. ताईने सगळ्यांना पालिकेत न बोलावता धक्क्यावर बोलावलं. मुख्याधिकारी कागद आणि पेन घेऊन आले. नगराध्यक्षाबाई शाल सावरत आल्या. पोलीस हवालदार एका पिंपावर बसून राहिला.

"सही करायची ना?" मुख्याधिकारी म्हणाले.

"करू की. आधी एक गोष्ट सांगते," ताई म्हणाली. "आज सकाळी माझ्या भावाची पँट खराब झाली. मी हसले. मग मनात आलं, ही बोट गेल्या हिवाळ्यात पाहणीला निळी होती, तर तिचा रंग आज ओला कसा?"

"डागडुजी केली थोडी. पाहुणे येणार म्हणून."

"असेल. मग मी खुंट बघितले. एकाला दोराने खोल खाच पडलीय. दुसऱ्याला साधा ओरखडाही नाही. म्हणजे या खुंटाला कधी कुठली बोट बांधलीच नाही. कापलेला दोर तेवढा नंतर आणून बांधला."

बाईंनी शालीचं टोक तोंडाशी नेलं.

"निळीत तिसऱ्या बाकावर खिळा वर आलाय, हिरवीतही तिथेच. पलीकडच्या लोकांनी दोन्ही बोटी एका वेळी कधी पाहिल्या नाहीत. आणि गेल्या हिवाळ्यात दोन्ही बिघडल्या असं सांगितलं. एक शेडमध्ये असेलही, पण दुसरी माणसाला दवाखान्यात न्यायलासुद्धा आली नाही. आली नाही, कारण ती नव्हतीच."

ताईने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. ती निळ्या बोटीच्या अंगाशी वाकली आणि एका किल्लीने नखभर जागा खरवडली. निळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली निळा. त्याच्याखाली पुन्हा हिरवा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा एकाखाली एक.

"हिवाळ्यात माझ्या खात्याला निळी दाखवायची, उन्हाळ्यात याच्या खात्याला हिरवी," ती म्हणाली. "दोन्ही खात्यांनी आपापला हिस्सा बघितला आणि समाधानाने घरी गेली. आमच्या आधीचे दोघे एकमेकांशी कधी बोलले नाहीत. आम्ही भावंडं आहोत. आम्हाला बोलल्याशिवाय राहवत नाही."

आता बोलायची पाळी माझी होती, कारण हरवलेला हिस्सा माझ्या बाजूचा होता. "या वेळी दोन्ही एकदम दाखवायच्या होत्या, म्हणून एक चोरीला जाणं भाग होतं," मी म्हणालो. "जायची तर हिरवीच. वरच्या सरकारची गेली असती तर बाहेरून चौकशी आली असती. पालिकेची गेली की घरातल्या घरात मिटतं. दुपारी मी देयकावरचा, हिरवी बोट बांधणाऱ्या कारखान्याचा पत्ता शोधत गेलो, मुख्याधिकारी. तिथे एक बंद गॅरेज आहे. शेजारी म्हणाले, ते तुमच्या मेहुण्याचं."

मुख्याधिकाऱ्यांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. ती त्यांनी डोक्यावर धरली आणि त्या गोल सावलीत क्षणभर उभे राहिले, जणू तिथे कुणाचा आवाज पोहोचणार नव्हता. हवालदार पिंपावरून उठला.

"हे सगळं काकांना माहीत होतं," मुख्याधिकारी म्हणाले. आता तो आवाज मऊ नव्हता. "रंग कुणी लावला विचारा त्यांना."

"लावला मी," काका म्हणाले. "दर खेपेला मीच लावला. हे म्हणाले, खरं कळलं तर वरचं सरकार पैसे परत मागेल, आणि आहे ती बोटही ओढून नेईल. पलीकडचे मग पोहत येतील का?"

"बोट कुणी नेत नाही, काका," ताई म्हणाली. "बोट लोकांची आहे, ती तिथेच राहते. वसुली होते ती पैसे खाणाऱ्याकडून. हे त्यांनाही ठाऊक होतं."

काका ऐकत होते, पण त्यांना समजायला वेळ लागला. ते धक्क्याच्या फळीवर हळूच खाली बसले.

"म्हणजे मी बोललो असतो तरी चाललं असतं," ते म्हणाले.

ताई त्यांच्याजवळ सरकली.

"त्या दिवशी मी शेडमध्येच होतो. निरोप आला, तिच्या छातीत कळ आलीय म्हणून. रंग ओला होता. साहेब म्हणाले, उद्या पाहणी आहे, बोटीला हात लावायचा नाही. आणि मी नाही लावला. वल्ह्याची डोंगी घेऊन गेलो. पोहोचलो तेव्हा ती माझी वाट बघून थकली होती." त्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते, नखांत निळा रंग होता. "मी असा कसा गप्प बसलो, बाई?"

हवालदार मुख्याधिकाऱ्यांना घेऊन गेला. बाईसुद्धा गेल्या. जाताना त्या काकांपाशी थांबल्या आणि पुढे गेल्या. आम्ही दोघं भावंडं काकांच्या दोन्ही बाजूंना फळीवर टेकलो. ताईने तयार कागद फाडला आणि कोरा काढला. मीही माझा काढला. तिच्या अहवालात वरच्या सरकारचा हिस्सा, माझ्या अहवालात पालिकेचा. अर्धं अर्धं.

काका दोन्ही कागदांकडे बघत होते.

"यात बोटीचं सगळं येईल?"

"येईल," मी म्हणालो.

"मग ती कुणाच्या हिश्शात येते?" त्यांनी विचारलं. "माझी बायको?"

मी ताईला कधी अडलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. आमच्या नमुन्यांत त्या बाईला जागा नव्हती. तिच्याकडच्यात नव्हती, माझ्याकडच्यातही नव्हती. एवढ्या वर्षांत आम्हाला तसा रकाना कधी लागला नव्हता, आणि त्या क्षणी मला आमच्या दोन्ही खात्यांची लाज वाटली.

"माझ्यात लिहिते," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवलं नाही.

"मीही लिहितो," मी म्हणालो.

"दोघांच्यात?" काका म्हणाले. "निम्मं निम्मं?"

"नाही काका," ताई म्हणाली. "दोन्हीकडे पूर्ण. नाव सांगा त्यांचं."

काकांनी नाव सांगितलं. आम्ही दोघांनी ते लिहून घेतलं.